खाली टँकरच्या होजमध्ये उरणारे बारा लिटर नेमके कोणाचे?

धागाकर्ता : भांडारपाल, कुपवाड

सर्वांना नमस्कार. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका गॅल्व्हनायझिंग कारखान्यात मी गेली एकोणीस वर्षे माल-आवक आणि भांडार सांभाळतो. लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्यापूर्वी त्याचा गंज आम्लाच्या हौदात काढावा लागतो, म्हणून ३२ टक्के तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा टँकर आमच्या फाटकातून महिन्याला दोन-तीन वेळा येतो. टँकर कोठे उभा करायचा, नमुना कसा घ्यायचा, आम्ल टाकीत कसे उतरवायचे, याच्या पाट्या आमच्याकडे तीन भाषांत लावलेल्या आहेत. गाडी खाली झाल्यानंतर काय करायचे, याची मात्र एकही पाटी नाही, हे माझ्या ध्यानात गेल्या महिन्यात आले.

झाले असे की दुपारी एक टँकर खाली झाला, चालकाने होज, म्हणजे आम्ल उतरवण्याची लवचिक नळी, सोडून टाकीच्या बगलेतील लांब नळकांड्यात सरकवला आणि गाडी वजनकाट्याकडे नेली. थोड्या वेळाने मी त्याच वाटेने निघालो, तेव्हा उतरवण्याच्या जागेपासून फाटकापर्यंत एक ओली रेघ दिसली. गाडी धुतल्याचे पाणी असेल, असे वाटून मी ती ओलांडणार होतो, पण वाकून पाहिले तर सिमेंटच्या रस्त्यावर ती रेघ बारीक फेसाळत होती आणि कान दिल्यास चुरचुर ऐकू येत होती. गतिरोधकापाशी ताटाएवढे थारोळे साचले होते. आमच्या रखवालदाराने पाणी समजून ते चपलेने बाजूला सारले होते आणि घरी गेल्यावर त्याच्या टाचेच्या भेगा झोंबू लागल्या. फाटकाबाहेर रेघ संपून ठिपके सुरू झाले आणि ते वळणापर्यंत दिसत होते.

त्या रात्री मी वहीत आकडेमोड केली. होजचा आतला व्यास ५० मिलिमीटर असेल, तर एका मीटरमध्ये जवळजवळ दोन लिटर द्रव मावतो. सहा मीटरचा होज भरलेला राहिला तर बारा लिटर, म्हणजे या आम्लाचे सुमारे १४ किलो. तीन इंची होज असेल तर मीटरला साडेचार लिटर आणि सहा मीटरला २७ लिटर. आमच्या काट्याचा आकडा दहा-दहा किलोंनी बदलतो, त्यामुळे हा माल हिशेबात कोणाला टोचतही नाही. चलनावर सगळा माल आम्हाला पोचलेला असतो आणि गाडीच्या कागदावर गाडी खाली असते. मधले बारा लिटर दोघांच्याही वहीत नाहीत आणि ते पुणे-बंगळूर महामार्गावरून प्रवास करत असतात.

माझा प्रश्न साधा आहे. हे बारा लिटर माल घेणाऱ्याचे, गाडीमालकाचे की पाठवणाऱ्याचे? आणि आपापल्या ठिकाणी आपण त्याचे प्रत्यक्ष काय करता?

प्रतिसाद : घाटउतार, कराड

भांडारपाल साहेब, दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. माझ्या चार गाड्या आहेत. लोटे परशुरामहून चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण मार्गे कराड आणि पुढे तासवडे किंवा कुपवाड, हा माझा नेहमीचा रस्ता. मी गाडीमालकाची बाजू मांडतो, म्हणजे कोणी असे समजू नये की चालकांना आम्ल सांडण्याची हौस असते.

होज रिकामा करायला नीट केले तर दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती देण्याची तयारी बहुतेक ठिकाणी नसते. टाकी खाली झाल्याची खूण मिळाली की पंप बंद होतो, कारखान्याचा माणूस पावतीवर सही करतो आणि मागची गाडी आत घ्यायची म्हणून हॉर्न वाजू लागतो. खाली ठेवायला ट्रे मागितला, तर "तो तुमच्या गाडीत असायला हवा" असे उत्तर मिळते. एका ठिकाणी तर माझ्या चालकाला सांगण्यात आले की होजमधले आम्ल आमच्या जमिनीवर सांडायचे नाही, जे काही आहे ते फाटकाबाहेर घेऊन जा. हे ज्यांनी सांगितले ते स्वतःला सुरक्षिततेचे फार पक्के समजत होते.

घाटात काय होते तेही सांगतो. होज गाडीच्या लांबीने आडवा असतो. चढावर आतला द्रव मागच्या टोकाला जमतो आणि उतारावर पुढच्या टोकाला. प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकला तो झाकणावर आपटतो. झाकणाचे वायसर, म्हणजे गॅस्केट, कडक झाले असेल तर तिथून थेंब सुरू होतात. माझ्या एका गाडीच्या झाकणाचे गॅस्केट मी काढून पाहिले तेव्हा ते बोटांत बिस्किटासारखे मोडले. दिसायला झाकण पक्के बसलेले होते.

दुसरा अनुभव कॉस्टिक लायचा, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा आहे. साखर कारखान्यात उसाचा रस आटवणाऱ्या भांड्यांत खपली धरते, ती उकळण्यासाठी लाय लागते, म्हणून हंगामात आमच्या फेऱ्या वाढतात. ५० टक्क्यांच्या आसपासची लाय साधारण १२ अंश सेल्सिअसला गोठू लागते. डिसेंबरमध्ये पाटण खोऱ्यात पहाटे त्याहून कमी तापमान असते. माझ्या चालकाने रात्री होज तिरका धरून पाहिला, काही आले नाही, म्हणून तो रिकामा समजला. आत लायची साखरेसारखी कांडी धरली होती. दुपारी उन्हात गाडी उभी असताना ती वितळली आणि क्लीनरने झाकण उघडताच त्याच्या मनगटावर आली. लाय लागल्यावर आम्लासारखी लगेच आग होत नाही, आधी बोटे साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात आणि माणूस बेसावध राहतो. वीस मिनिटे नळाखाली हात धरायला लावला, तरी जखम राहिलीच.

प्रतिसाद : प्रयोगशाळा, मिरज

मी मिरजेत रसायनशास्त्र शिकवतो. वर आलेल्या चर्चेत एक धोका राहून गेला आहे, तो सांडण्याहून मोठा आहे. होजमधील उरलेला द्रव पुढच्या मालात मिसळतो.

समजा एका होजमधून पाणी शुद्धीकरणासाठी सोडियम हायपोक्लोराइट उतरवले आणि त्यात केवळ दोन लिटर उरले. लिटरमागे १०० ग्रॅम उपलब्ध क्लोरीन धरले, तर त्यात २०० ग्रॅम क्लोरीन आहे. तोच होज दुसऱ्या दिवशी हायड्रोक्लोरिक आम्लाला जोडला, तर आम्ल हायपोला भिडताच क्लोरीन वायू सुटतो, तो या हिशेबाने सुमारे ७० लिटर भरेल. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असल्यामुळे वर उडून जात नाही, पंपाच्या खड्ड्यात किंवा आम्ल साठवणाऱ्या टाकीभोवतीच्या बंधाऱ्यात बसून राहतो, आणि वाकून झडप बंद करणारा माणूस नेमका तिथेच असतो. "एकाच होजने सगळे" ही सवय म्हणूनच वाईट. प्रत्येक रसायनाला वेगळा होज हवा, त्यावर रंगाचा पट्टा हवा, आणि शक्य असल्यास जोडणीचा आकारच असा वेगळा हवा की चुकीचा होज बसूच नये.

सल्फ्युरिक आम्लाची तऱ्हा निराळी. ९८ टक्के तीव्रतेचे आम्ल साध्या पोलादी टाकीतून सुखाने जाते, कारण पोलादावर लोह सल्फेटचा थर बसून ते पुढे खायचे थांबते. मात्र होजच्या पोलादी तोंडात चमचाभर आम्ल उघडे राहिले की ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि पातळ होते. पातळ आम्ल पोलादाला खाते आणि हायड्रोजन सोडते. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी घट्ट झाकण लावलेला, "रिकामा" होज चार दिवसांनी उघडताना जो फुस्स आवाज येतो, तो बहुधा याचा. त्या वेळी जवळ विडी ओढणारा कोणी नसावा. हायपोचेही बंद होजमध्ये विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो आणि उन्हात दाब चढतो. म्हणून "झाकण घट्ट लावा" हा सल्ला अर्धा आहे. आधी निचरा, मग त्या रसायनाला चालत असेल तर धुणे, आणि मगच झाकण. न धुता पाठवायचेच असेल, तर पुढे ते उघडणाऱ्याला आत काय आहे हे कळले पाहिजे.

सल्फ्युरिकच्या होजमध्ये थोडेसे पाणी ओतून तो हलवणे, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. थोड्या पाण्याने उष्णता निर्माण होते आणि मिश्रण उसळून तोंडावर येते. धुवायचेच असेल तर आधी पूर्ण निचरा आणि नंतर भरपूर वाहते पाणी, तेही सांडपाणी प्रक्रियेच्या हौदाकडे जाणारे.

प्रतिसाद : द्राक्षबाग, तासगाव

सर्वांचा मान राखून लिहितो. आम्ही ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की आम्लप्रक्रिया करतोच. बाजारातून कॅन आणतो, पाण्यात सोडतो, दुसऱ्या दिवशी नळ्या धुऊन काढतो, वेल मरत नाहीत. बारा लिटर रस्त्यावर ठिबकले म्हणून एवढा बाऊ करावा का? पावसाची एक सर आली की संपले.

प्रतिसाद : पाणीतपासणी, सांगली

बाग साहेब, बाऊ किती करावा हे आकड्यावर ठरवू. बारा लिटर ३२ टक्के आम्लात साडेचार किलोच्या आसपास शुद्ध हायड्रोजन क्लोराइड असते. निव्वळ शुद्ध पाणी घेतले, तर एवढे आम्ल बारा लाख लिटर पाण्याचा सामू (pH) ४ पर्यंत खाली आणू शकते. मासे त्याच्या कितीतरी आधी मरतील.

उपप्रतिसाद : प्रयोगशाळा, मिरज

आकडा गणिताने बरोबर आहे, पण ओढ्यात शुद्ध पाणी नसते. आपल्या भागातील विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि ते आम्ल पचवते. क्षारता लिटरला ३०० मिलिग्रॅम धरली, तर बारा लिटर आम्लाला सुमारे वीस हजार लिटर पाणी पुरे. घाबरवण्यासाठी मोठा आकडा वापरला की समोरचा माणूस पुढचा खरा आकडाही मानत नाही, म्हणून ही दुरुस्ती.

तरीही वीस हजार लिटर म्हणजे दोन मोठे पाण्याचे टँकर. उन्हाळ्यात डबक्याडबक्यांनी उरलेल्या ओढ्यात तेवढे पाणी एका जागी नसते. बाग साहेबांच्या ठिबकचे म्हणाल, तर तिथे आम्ल मोजून, ठरलेल्या पाण्यात, ठरलेल्या वेळी जाते. रस्त्यावर ते तीव्र स्वरूपातच पडते आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यात उडालेल्या थेंबाला कोणतीही क्षारता मदतीला येत नाही.

उपप्रतिसाद : द्राक्षबाग, तासगाव

दुचाकीचे लक्षात आले नव्हते. मान्य.

प्रतिसाद : सुरक्षाताई, कृष्णाकाठ

एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, मी सुरक्षा अधिकारी आहे. आमच्याकडे आम्ल, लाय आणि इथेनॉल या तिन्हींचे टँकर येतात-जातात. भांडारपालांनी "प्रत्यक्ष काय करता" असे विचारले आहे, म्हणून आमची रीत सविस्तर लिहिते.

आम्ल आणि लायसाठी क्रम असा. टँकरची खालची झडप आधी बंद. त्यानंतर कारखान्याच्या टाकीची झडप उघडीच ठेवून, टँकरच्या बाजूच्या जोडणीवर असलेली छोटी हवा-झडप उघडायची, म्हणजे होजमध्ये हवा शिरते आणि द्रव आमच्या बाजूला उतरू लागतो. हवा-झडप नसेल तर खाली ट्रे ठेवून कॅमलॉकचा, म्हणजे होजच्या दोन कानांच्या जोडणीचा, एकच कान हळूहळू सैल करायचा. दोन्ही कान एकदम उघडणे, हा या कामातील सर्वांत सामान्य अपघात आहे, कारण आत दाब उरला असेल तर होज तोंडावर उडतो. सैल केल्यावर टँकरकडचे टोक उचलायचे आणि होज खांद्यावर घेत, हातभर-हातभर सरकत आमच्या टाकीकडे चालत जायचे. होज जमिनीवर झोळीसारखा पडलेला असतो आणि सगळा द्रव त्या झोळीत असतो. ती झोळी चालत चालत टाकीपर्यंत न्यायची. टाकीकडची जोडणी सर्वांत शेवटी सोडायची. अनेक ठिकाणी नेमके उलटे करतात आणि मग सगळा माल ट्रेमध्ये किंवा जमिनीवर येतो.

इथेनॉलसाठी आणखी काळजी आहे. शुद्ध इथेनॉलचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट) १३ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे सांगलीत वर्षातील जवळजवळ प्रत्येक दुपारी त्याची वाफ पेट घेण्याच्या स्थितीत असते. भरलेल्या होजपेक्षा नुकताच निचरा झालेला होज अधिक सावधपणे हाताळावा लागतो, कारण त्यात द्रव थोडा आणि हवा-वाफेचे मिश्रण पुष्कळ असते. दाबाच्या हवेने होज फुंकून काढणे इथे पूर्ण बंद. फुंकायचेच असेल तर नायट्रोजन. स्थिर विजेची ठिणगी टाळणारी अर्थिंगची तार होज सुटून त्याला झाकण लागेपर्यंत काढायची नाही. गाडी खाली झाली की आधी तार काढण्याची चालकांना घाई असते, ती मोडायला आम्हाला वर्ष लागले.

ट्रेमध्ये जे येते ते त्याच रसायनाच्या कॅनमध्ये, नाव लिहून. सांडलेच तर आम्लावर चुना किंवा सोडा ॲश. बारा लिटर ३२ टक्के हायड्रोक्लोरिकला हिशेबाने साडेचार किलो विरलेला चुना किंवा साडेसहा किलो सोडा ॲश लागते, आम्ही दहा-दहा किलोच्या पिशव्या ठेवतो. नायट्रिक किंवा तीव्र सल्फ्युरिक आम्लावर लाकडाचा भुसा कधीही टाकू नये, सल्फ्युरिकने तो कोळसा होतो आणि नायट्रिकने पेटूही शकतो. कोरडी माती किंवा वाळू बरी.

प्रतिसाद : चालकाची लेक, उंब्रज

माझे बाबा सव्वीस वर्षे टँकर चालवत आहेत. हा धागा मी त्यांना रात्री वाचून दाखवला आणि ते जे बोलले ते माझ्या शब्दांत लिहीत आहे.

ताई, तुमची रीत बरोबर आहे, पण खांद्यावरची गोष्ट बाबांना मान्य नाही. त्यांच्या डाव्या खांद्यावर तळहाताएवढा पांढरा डाग आहे, तो असाच होज खांद्यावरून चालवताना पडला. होजच्या मधल्या भागाला बाहेरून न दिसणारी चीर होती. उचलल्यावर होज तिथे वाकला, चीर उघडली आणि आम्ल शर्टातून उतरले. शर्ट काढायला गळ्यावरून ओढला असता तर चेहराही गेला असता. सोबतच्या क्लीनरने शर्ट फाडून काढला, म्हणून वाचले. तेव्हापासून ते होज कमरेच्या वर घेत नाहीत आणि अंगावर जाड ॲप्रन, तोंडावर पारदर्शक ढाल असल्याशिवाय हातही लावत नाहीत. त्यांचे म्हणणे आहे की कारखान्याने उतरवण्याच्या जागी एक खांब आणि कप्पी लावावी. होजच्या मध्यावर पट्टा अडकवून दोरीने उचलला की माणूस दूर उभा राहून तेच काम होते.

दुसरे, होज कोठे धुतात हे या धाग्यात कोणी लिहिले नाही. बाबांनी स्पष्ट सांगायला सांगितले आहे. ज्या कारखान्याने होज रिकामा करू दिला नाही, तिथून निघालेला होज पुढे रस्त्यालगतच्या ओढ्यावर किंवा धाब्यामागच्या नळावर धुतला जातो. दुसऱ्या पार्टीला स्वच्छ होज दाखवावा लागतो आणि धुण्याची सोय कोणीही देत नाही. बाबांनीही पूर्वी हे केले आहे आणि त्यांना त्याची लाज वाटते. क्लीनर पोरगा सोळा-सतरा वर्षांचा असायचा, पायात स्लिपर, हातात काही नाही.

प्रतिसाद : नियमवाचक, सातारा

मालकी कोणाची, या मूळ प्रश्नाकडे येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२९ ते १३७ हे नियम घातक मालाच्या वाहतुकीचे आहेत. त्यांत माल पाठवणाऱ्याने गाडीमालकाला मालाची पूर्ण आणि पुरेशी माहिती द्यायची आहे, गाडीमालकाने ती चालकापर्यंत पोचवायची आहे आणि चालकाने ती लेखी स्वरूपात केबिनमध्ये ठेवायची आहे. त्यालाच आपण ट्रेम कार्ड म्हणतो. अपघात झाल्यास नजीकच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवण्याची जबाबदारी चालकाची आहे. नियम ९ प्रमाणे अशा चालकाला तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि परवान्यावर नोंद लागते. माल उतरवून घेणाऱ्याचे नाव या साखळीत जवळजवळ येतच नाही, आणि होज तर नेमका त्याच्या दारात सुटतो.

गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे जो माहिती फलक असतो, त्यावरील क्रमांकाचाही इथे संबंध आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक १७८९, सल्फ्युरिकचा १८३०, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा १८२४, हायपोक्लोराइटचा १७९१. गाडी खाली झाली की फलक उलटा करण्याची किंवा पोते बांधून झाकण्याची पद्धत आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या नमुना नियमावलीचे तत्त्व याच्या उलट आहे. धुऊन न काढलेले रिकामे भांडे हे, धोका नाहीसा करण्याची तजवीज झाल्याशिवाय, भरलेल्या भांड्यासारखेच समजायचे. त्यामुळे होज आणि टाकी धुतल्याचा कागद हाती येईपर्यंत फलक उघडा राहिला पाहिजे. अग्निशमनाचा जवान त्या चार आकड्यांवरूनच ठरवतो की पाणी मारायचे की नाही.

अमेरिकेत हा वाद वेगळ्या वाटेने गेला आहे. तिथे टाकीच्या पोटाखालच्या नळ्यांमध्ये विषारी किंवा दाहक अशा ठराविक वर्गांचे द्रव ठेवून गाडी चालवायला, खालून बसणारी धडक सोसणारे संरक्षण नसेल, तर मनाई आहे. शक्य तितका निचरा केल्यानंतर उरलेल्या अंशाला ती लागू नाही. पेट्रोल मात्र त्या मनाईत नाही. टँकरच्या नळ्यांत पन्नास गॅलनपर्यंत, म्हणजे १९० लिटरच्या आसपास, पेट्रोल राहू शकते. त्यावर बंधन घालण्याचा प्रस्ताव २०११ मध्ये आला आणि २०१५ च्या कायद्याने तो मागे घ्यायला लावला. खर्च किती आणि वाचणारे जीव किती, याच्या हिशेबावर ते सगळे अडले. आपल्याकडे हिशेब मांडण्याइतकीही नोंद कोणी ठेवत नाही, हे मला अधिक खटकते.

प्रतिसाद : घाटउतार, कराड

नियमवाचक साहेब, फलकाचे पटले. कारण सांगतो, बचाव म्हणून नव्हे. फलक उघडा असला की परतीच्या वाटेवर धाब्यावर गाडी लावू देत नाहीत आणि चालकाला जेवायला जागा मिळत नाही. पोते त्यासाठी बांधले जाते. यापुढे माझ्या चारही गाड्यांवर बांधले जाणार नाही.

लेकीच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. होजची चीर बाहेरून दिसत नाही, हे अगदी खरे. मी आता होजवर खरेदीची तारीख रंगवतो आणि वर्षातून एकदा पाण्याच्या दाबावर तपासून घेतो. वाकवल्यावर आतून करकर आवाज आला किंवा बाहेरून फुगवटा दिसला, की त्याच दिवशी करवतीने दोन तुकडे करतो. अख्खा टाकून दिलेला होज कोणीतरी उचलून पुन्हा वापरतोच.

प्रतिसाद : भांडारपाल, कुपवाड

धागा काढल्याला तीन आठवडे झाले, म्हणून काय केले ते कळवतो.

पहिले, आम्ही कारखान्याचा स्वतःचा होज घेतला. तो आमच्या टाकीला कायमचा जोडलेला आहे, त्यावर लाल पट्टा आहे आणि तो दुसऱ्या कशालाही लागत नाही. टँकरचा होज आता नळकांड्यातून बाहेरच येत नाही, त्यामुळे बारा लिटरांचा प्रवास आमच्यापुरता संपला असे मी समजत होतो. पहिल्याच गाडीच्या चालकाने मला गुडघ्यावर बसवून दाखवले की टाकीच्या आतल्या झडपेपासून बाहेरच्या झडपेपर्यंत जवळपास मीटरभर नळी आहे. ती ८० मिलिमीटरची आहे, म्हणजे तिच्यातही पाच लिटर. आतली झडप आधी बंद करून बाहेरची उघडी ठेवली, तर ती नळीही होजमधून आमच्याकडे उतरते. उलट्या क्रमाने बंद केली, तर पाच लिटर गाडीबरोबर जातात. ही गोष्ट एकोणीस वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही कधी गुडघ्यावर बसलो नव्हतो.

दुसरे, खांब आणि कप्पी लावली. वसाहतीतल्याच फॅब्रिकेटरने दोन दिवसांत करून दिली. सुरक्षाताईंची रीत आणि बाबांची कप्पी मिळून निचऱ्याला अकरा मिनिटे लागतात, घड्याळ लावून पाहिले. पहिल्या दिवशी ट्रेमध्ये पेलाभर आम्ल आले, बाकी सगळे टाकीत गेले. शेजारी पाण्याचा नळ आणि डोळे धुण्याची तोटी होतीच, पण तिच्यासमोर रिकाम्या पिंपांची रास होती, ती हलवली.

तिसरे, फाटकाच्या पासवर एक ओळ वाढवली आहे: "होज व नळीचा निचरा झाला, झाकण लावले." तिच्यापुढे चालकाची आणि आमच्या माणसाची, अशा दोन्ही सह्या लागतात. एकट्या चालकाची सही ठेवावी असा आग्रह आमच्या कार्यालयातून आला होता. निचरा आमच्या जागेत, आमच्या टाकीत आणि आमच्या वेळेत होतो, तेव्हा सही आमचीही हवी, असे मी लिहून दिले. ते कसेबसे मान्य झाले.

अडलेली गोष्ट एकच. अकरा मिनिटांचा थांबा भाड्यात धरायचा की नाही, यावर आमचा खरेदी विभाग आणि वाहतूकदार अजून भांडत आहेत. घाटउतार साहेब, आपण पार्टीकडून थांब्याचे पैसे घेता का, आणि घेत असाल तर पावतीवर ते कोणत्या नावाने लावता?

उपप्रतिसाद : घाटउतार, कराड

आजवर घेतले नाहीत, कारण कोणी थांबूच दिले नाही. अकरा मिनिटांचे मी मागणारही नाही. झाकणाचे नवे गॅस्केट आणि ट्रे मात्र मी गाडीत ठेवतो, आपण कप्पी आणि चुना ठेवा. पुढच्या गुरुवारी माझी गाडी आपल्याकडे येत आहे. तिच्यासोबत मीही येतो, झडपांचा क्रम एकदा दोघे मिळून पाहू.